पोटातलं बाळ रडत नाही

वैजू,

तू गेलीस त्याला दीड महिना होत आला आणि माझा राग अजून उतरलेला नाही. दुःख आहेच, ते कुठे जातंय, पण आधी राग. तीस-पस्तीस वर्षं आपण एकाच गोष्टीवरून भांडलो, आणि ते भांडण अर्ध्यात टाकून तू एका दुपारी जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस. ही काय रीत झाली? तीही माझ्या मधुराला नववा लागलेला असताना, ‘तुझं बाळंतपण मीच करणार, तुझ्या आईला मध्ये पडू देणार नाही’ असं तिला कबूल करून!

शोकसभेत सगळे तुझं गुणगान करत होते. किती शांत, किती सोशिक, कधी आवाज चढला नाही. मला वाटलं, चुकीच्या सभेला आले की काय! मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. उभी राहिले, तर तोंडातून अक्षर फुटेना. तशीच परत खाली बसले. म्हणून आता बोलते. ऐकून घे. आज मध्येच तोडायला तू नाहीस.

आपण कशावरून भांडतो ते लोकांना कधी कळलंच नाही. तू बाळंतपणाची डॉक्टर, मी लहान मुलांची. नारायण पेठेत वरच्या मजल्यावर तुझं प्रसूतिगृह, खाली माझा दवाखाना. बोलावणं आलं की मी जिना चढून यायचे, बाळ बघायचे, चहा प्यायचे, जायचे. यात भांडण्यासारखं काय? पण प्रसूतीच्या खोलीत आपण उभ्या कशा असायचो ते आठव. बाळ बाहेर आलं की तू ते माझ्या हातात द्यायचीस आणि मी वळून भिंतीकडच्या दिव्याखाली घेऊन जायचे. तू आईपाशी, मी बाळापाशी, पाठीला पाठ. माझ्या पाठीमागे तुझं काय चाललंय ते मी कधी पाहिलं नाही. बाळामागून वार पडते, नऊ महिने त्याला पोसणारा तो ताटलीएवढा मांसाचा गोळा, तो तू दोन्ही हातांत उचलून, उलटासुलटा करून, उजेडाला धरून बघायचीस, हे मला फक्त आवाजावरून कळायचं. “अगं, ही बघ तरी! केवढं मोठं झाड आहे!” दर वेळी हेच. जशी काही आयुष्यातली पहिलीच वार बघतेयस. आणि मी पाठमोरीच म्हणायचे, “थांब गं, माझं बाळ रडू दे आधी.”

वाद एवढाच होता, की बाळ बाहेर कधी आणायचं.

माझी बाजू साधी होती. माझ्या वाट्याला यायची ती घाई केलेली बाळं. पंचांग बघून, नक्षत्र साधून, दिवस भरायच्या आधीच सिझर करून काढलेली. छाती आत ओढत श्वास घेणारी, दूध ओढायला जोर नसलेली. म्हणून मी ज्याला त्याला सांगायचे, थांबा. पोटातला एक दिवस काचेच्या पेटीतल्या चार दिवसांना भारी असतो. आणि ते खोटं होतं का? सातव्यापेक्षा आठव्यात, आठव्यापेक्षा नवव्यात जन्मलेलं बाळ दगावण्याची भीती कमी कमी होत जाते, कात्रजचा घाट उतरावा तशी आठवड्या-आठवड्याने खाली. पूर्ण दिवसांचं बाळ माझ्या हातून गेलं असं क्वचितच झालं. मग घाई कशाला?

“घाट उतरला की पलीकडे पुन्हा चढ लागतो,” तू म्हणायचीस. “तो तुला दिसत नाही, कारण तू खालच्या मजल्यावर बसतेस.”

एकदा तुझ्या घरी आपण मटार सोलत बसलो होतो. तू भांड्यातले सोललेले दाणे माझ्या नाकासमोर धरलेस. “यांच्याकडे बघून तू सांगतेस, किती किडके आणि किती चांगले. बरोबर? मग या?” आणि न सोललेल्या शेंगांचा ढीग माझ्याकडे लोटलास. “तू जन्मलेली बाळं मोजतेस, अलके. जी अजून आत आहेत ती कुणी मोजायची? दिवस भरल्यावर जन्मलेलं बाळ गेलं तर तुला दिसतं. दिवस उलटल्यावर आतल्या आत गेलं तर ते तुझ्याकडे येतच नाही. ते माझ्याकडेच राहतं.”

मी म्हटलं, “शेंग फोडल्याशिवाय आतला दाणा कसा आहे ते कळणार कसं?”

“तेच तर म्हणतेय मी बाई!” एवढ्या जोरात ओरडलीस की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. त्या भांडणात भात खाली लागला, आणि तुझ्या यजमानांनी तो निमूट खाल्ला. त्यांना सवय होती.

मधुराच्या वेळची गोष्ट तू कुणाला कधी सांगितली नाहीस, म्हणून मीच सांगते. मला आठवा चालू होता. पाय सुजून खांब झाले होते, रक्तदाब खाली यायचं नाव घेत नव्हता, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तू म्हणालीस, आजच काढायचं. आणि मी, जिने आयुष्यभर दुसऱ्यांची अपुऱ्या दिवसांची बाळं वाचवली, ती टेबलावर पडून तुझा हात धरून गयावया करत होते. “एक आठवडा दे, वैजू. एकच.”

“तुझी वार दमलीय,” तू म्हणालीस. “तिला आता पोसवत नाही. उद्या मला ठोके सापडतील याची खात्री नाही. आणि तुझीही नाही. गप पड.”

बाहेर माझ्या सासूबाई रडत होत्या. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. त्यांनीच काय, निम्म्या महाराष्ट्राने ऐकलंय. तू मास्क खाली ओढून दारात गेलीस आणि त्यांना म्हणालीस, “काकू, मग काय दिवस उलटे मोजून हिला परत सातव्यात नेऊ?” असं कोणी बोलतं का त्या वेळी? पण मग त्यांच्याशेजारी बाकावर बसलीस, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवलास आणि समजावलंस, की आतला एकेक आठवडा बाळाला जोरच देतो, आठव्यातलं सातव्यातल्यापेक्षा दणकटच असतं, ही म्हण कुणी काढली देव जाणे. सासूबाई पुढे मरेपर्यंत तुझ्या भक्त होत्या.

कमरेत इंजेक्शन दिलेलं, त्यामुळे मी जागी होते. माझ्या जागी दुसरा डॉक्टर उभा होता आणि दिव्याखाली काहीतरी मांजराच्या पिलासारखं कण्हत होतं. तेवढ्यात तुझा आवाज. “अलके, बघ एकदा. इतकुशी आहे गं. एवढ्याशा वारेने कसं निभावलं असेल बिचारीने!” मी मान फिरवली. मला फक्त ते दिव्याखालचं पोर दिसायला हवं होतं. पुढे कित्येक दिवस मी तिला पदराने छातीशी बांधून घरभर फिरले. जगली. नुसती जगली नाही, आज तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नाही.

आणि तरी दर वाढदिवसाला मी तुला म्हणायचेच, “आठवडाभर थांबली असतीस तर पेटीतले दिवस वाचले असते.” तू केक खात म्हणायचीस, “आठवडाभर थांबले असते तर वाढदिवसच नसता.” मी चिडायचे. थँक यू म्हणायचं राहूनच गेलं. म्हटलं असतं तर तू चेष्टाच केली असतीस, हेही खरं.

मग ती शाळेतली बाई, तुझी पेशंट. तिचं नाव तुला शेवटपर्यंत आठवत होतं, माहीत आहे मला. दिवस उलटून गेले होते, पितृपक्ष चालू होता. घरचे हात जोडून म्हणाले, “डॉक्टर, एवढे दिवस जाऊ द्या, घटस्थापनेला मूल येऊ दे.” ठोके छान होते, बाळ हलत होतं. तू म्हणालीस, बरं. कुणीही म्हटलं असतं. सर्वपित्री अमावास्येला ती सकाळीच आली. कालपासून हललं नाही म्हणाली. मी नेमकी चहाला वर आले होते. तू यंत्र पोटावर इकडून तिकडे फिरवत होतीस, आणि त्यातून फक्त तिचे स्वतःचे सावकाश ठोके ऐकू येत होते. ती तुझ्या तोंडाकडे बघत होती.

मुलगी होती. पूर्ण वाढलेली, गोरीपान, नखं लांब. त्या काळी असं बाळ आईला दाखवत नसत. फडक्यात गुंडाळायचं आणि घरच्या पुरुषांच्या हातात द्यायचं, विषय संपला. तू तिला कोमट पाण्याने पुसलंस, दुपट्यात गुंडाळलंस आणि आईच्या कुशीत ठेवलंस. “घ्या. तुमची आहे.” सगळी दुपार तिच्यापाशी बसून होतीस. बाहेर पेशंट ताटकळले होते, एकानेही आवाज केला नाही, आणि पुण्यात हे होणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

नंतर जिन्यात मला म्हणालीस, “तुझ्याकडचं बाळ रडतं तरी, अलके. श्वास अडला तर निळं पडतं, तुला दिसतं, तू धावतेस. पोटातलं बाळ रडत नाही गं. कुणाला न सांगता जातं.”

मी कप घेऊन तशीच खाली दवाखान्यात गेले.

त्यानंतर तू पंचांगासाठी एक दिवस लवकर केला नाहीस आणि एक दिवस उशीरही केला नाहीस. दिवस उलटले की तू मागे लागायचीस. पेठेत तुझं नाव ‘घाईबाई’ पडलं. ते मीच पाडलं असा तुझा शेवटपर्यंत संशय होता. नाही गं. पण वापरलं मात्र भरपूर.

आता मधुराचं सांगते, म्हणजे तुला कळेल की तू किती अडचणीत टाकून गेलीस.

तारीख उलटली. एकेचाळिसावा आठवडा संपत आला, कळांचा पत्ता नाही, आणि वर पितृपक्ष. तुझ्या हाताखाली तयार झालेली सायली आता तुझ्या खुर्चीत बसते. खुर्चीच्या अगदी कडेला बसते, टेकत नाही. तिने तपासलं. ठोके उत्तम, बाळ हलतंय. मग माझ्याकडे बघून चाचरत म्हणाली, “मॅडम, मला वाटतं आता औषध देऊन कळा सुरू कराव्यात. पण थांबायचं म्हणाल तर रोज तपासू. तुम्ही म्हणाल तसं.” मी कुठल्या पार्टीची, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मधुराला थांबायचं होतं. धायरीला तिच्या घरी गेलो, ‘सायलीचं ऐकू या का’ एवढंच मी म्हटलं, तर सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि सुरू झाली. “आई, चिल. सगळं नॉर्मल आहे. बॉडीला कळतं कधी काय करायचं. मला उगाच औषध नकोय, मला नॅचरल हवंय. आणि तूच तर जन्मभर थांबा थांबा करत आलीस ना? वैजूमावशीशी भांडायचीस. आता ती नाही तर तू तिच्या पार्टीत गेलीस?”

मला वाटलं होतं, आडकाठी घातली तर विहीणबाई घालतील. जावयाची आई वर्ध्याहून डिंकाचे लाडू घेऊन आली होती. मी चाचपून बघितलं, म्हटलं, पितृपक्ष चालू आहे, तुमच्याकडे चालत नसेल. त्या लाडवाचा डबा बंद करत म्हणाल्या, “काहून नाई चालत? पितर काय परके होय का? आपलेच तर होय. येऊ द्या नं लेकराले, खाऊन टाकतेत का त्याले?” म्हणजे ज्यांना समजवायची मी तयारी करून गेले होते त्या आधीच तयार, आणि आडवी कोण, तर माझी शिकलेली पोरगी, माझंच वाक्य हातात घेऊन!

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. वैजू, त्या वेळी तुझी फार आठवण आली. मी ‘थांबू या’ म्हणायचं आणि तू ‘काढ’ म्हणायचं, त्या ओढाताणीतून काहीतरी बरोबर निघायचं. आता दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात नव्हतं. माझ्या लेकीचं बाळ तिथे आत होतं, मजेत असेल, नसेल, मला ऐकू येत नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या न सोललेल्या शेंगेच्या बाजूला उभी होते. मग आत जाऊन मी तुझी बाजू मांडायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, मला ती सगळी पाठ आहे.

मटार सांगितले. जिन्यातलं सांगितलं. त्या शाळेतल्या बाईंचंही सांगितलं, हळू आवाजात. म्हटलं, “घाबरू नकोस. थांबलीस तरी बहुतेक सगळं छानच होईल, धोका फार लहान आहे. पण आता आत राहून त्याला नवीन काही मिळायचं नाही. बाहेर आलं आणि काही अडलं तर आम्ही सगळे धावू. आत अडलं तर ते रडत नाही गं, सोन्या.”

ती पोटावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, “मावशी असं म्हणायची?”

“रोज.”

“आणि तू ऐकायची नाहीस?”

“छे!”

तिला हसू फुटलं. हसताना डोळे पुसले. “तू थकवतेस यार, आई. बॅग दे ती.”

दुसऱ्या दिवशी कळा सुरू केल्या. पाणी हिरवट निघालं, म्हणजे बाळाने आतच शी केलेली. सायलीने माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे पाहिलं नाही. सत्तरीला टेकलेली मी त्या खोलीत नुसती आजी म्हणून मधुराच्या उशाशी उभी, हात रिकामे. बाळ बाहेर आलं. मानेभोवती नाळेचा वेढा होता, सायलीने तो बोटाने सोडवला. आणि बाळ रडलं नाही.

ती शांतता मी किती वेळा ऐकलीय, वैजू! पण तेव्हा माझे हात चालू असायचे. रिकाम्या हातांनी ऐकायला लागते तेव्हा ती काय असते, हे मला काल कळलं. तू रोज तशीच उभी असायचीस. माझ्याकडे पाठ करून, मी काय करतेय ते न बघता, नुसते कान देऊन. कधी बोलली का नाहीस?

मग रडली. रडली म्हणजे काय, भोकाड पसरलं! बाहेरून विहीणबाईंचा आवाज आला, “पितरांचं बोट धरून आलं नं माय!” मुलगी आहे. जड आहे, लांब नखांची आहे, आणि तिच्या आईसारखी लगेच चिडते.

सगळे दिव्याकडे धावले. माझेही पाय सवयीने तिकडेच वळले. तेवढ्यात मागून छपछप आवाज आला आणि मी थांबले. सायलीने वार दोन्ही हातांत उचलली होती आणि उजेडाला धरली होती. अगदी तुझ्यासारखी. तिला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा तूच सांगितलं असशील.

मी हातमोजे मागितले आणि जवळ गेले. वैजू, मी बालरोगतज्ज्ञ आहे, पुस्तकात पाहिलीय, परीक्षेला लिहिलीय. पण अशी, ऊन, जड, हातात घेऊन कधी पाहिली नव्हती. नाळेपासून निळ्या शिरा फुटतात, त्यांना फांद्या, फांद्यांना डहाळ्या, पार कडेपर्यंत. हिला डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि हिने आंधळेपणी एका जिवाला श्वास दिला, जेवण दिलं, त्याची घाण काढली, आणि काम झालं की स्वतःहून सुटून आली. उलटी करून पाहिली तर पांढुरके चुन्यासारखे ठिपके. सायली म्हणाली, “दमायला लागली होती, मॅडम.” मला ठाऊक आहे, असल्या ठिपक्यांनी काहीच सिद्ध होत नाही, अशी वार असूनही बाळं आठ-आठ दिवस मजेत राहतात. वाद मिटला असं समजू नकोस. पण माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मधुराच्या वेळची ती इतकुशी वार तू मला दाखवत होतीस आणि मी मान फिरवली होती. त्या वारेमुळे माझी लेक आत तगली, आणि ती वार दमलीय हे तुला वेळेवर कळलं म्हणून लेक आज आहे. थँक यू, वैजू. घे, म्हटलं एकदाचं.

मी वार उचलून मधुराकडे वळले. “अगं, ही बघ तरी! केवढं मोठं झाड आहे!”

तिने दिव्याकडची मानसुद्धा वळवली नाही. “आई, ते नंतर. माझं बाळ दे आधी.”

हसू नकोस, वैजू.